ट्रायवर सरकारचा लगाम किती?

प्रश्न : ट्राय (दूरसंचार नियामक प्राधिकरण) स्वतंत्र म्हणवते, मग सरकार तिच्या शिफारशी बाजूला कशा सारते?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ट्राय सगळ्याच कामांत सारखी स्वतंत्र नाही. 1997 च्या ट्राय कायद्यातले कलम 11 उघडून पाहा. परवान्यांबाबत ती नुसती शिफारस करते आणि ती सरकारवर बंधनकारक नाही, हे कलमातच लिहिले आहे. नव्या परवान्याआधी तिचे मत मागवावे मात्र लागतेच. पटले नाही तर फेरविचाराला परत पाठवायचे, आणि ट्रायने 15 दिवसांत उत्तर द्यायचे. दर, कंपन्यांमधील जोडणीच्या अटी, सेवेचा दर्जा यांत ट्रायचाच शब्द चालतो. केबल आणि डीटीएच 2004 पासून तिच्याकडे आहेत. वाहिनीवर काय दाखवले जाते, हा मात्र तिचा प्रांत नव्हे.

कच्चा दुवा आहे तो कलम 25. धोरणाच्या प्रश्नावर सरकार लेखी निर्देश देऊ शकते आणि प्रश्न धोरणाचा आहे की नाही, हेही सरकारच ठरवते! त्याआधी ट्रायचे म्हणणे ऐकायचे, एवढीच अट. भरीला अध्यक्षांची मुदत जेमतेम 3 वर्षे, किंवा वयाच्या 65 पर्यंत. पद सोडल्यावर 2 वर्षांच्या आत सरकारी नोकरी हवी असेल तर परवानगी केंद्राचीच. 2014 च्या दुरुस्तीने ही वाट मोकळी केली. आमच्या मते ते बरे झाले नाही.

प्रश्न : ट्रायचा नवा नियम परवडत नाही. टीडीसॅटकडे (दूरसंचार तंट्यांच्या अपिली न्यायाधिकरणाकडे) जावे का?
– केबलचालक, पंचवटी

उत्तर : आधी राजपत्रातला मथळा वाचा. ‘आदेश’ किंवा ‘निर्देश’ असेल तर दिल्लीत टीडीसॅटकडे 30 दिवसांत अपील. ‘विनियम’ (कायद्याखाली ट्रायने केलेला नियम) असेल तर तिथे दाद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बीएसएनएलच्या प्रकरणात तसे ठरवले. मग रिट याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालय. चुकीच्या दारात गेलात तर वेळ आणि फी दोन्ही वाया.

विनियम टिकतोच असेही नाही. कॉल तुटला की कंपनीने ग्राहकाला 1 रुपया, दिवसाला जास्तीत जास्त 3 कॉलचे, ही भरपाई 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली : कारणमीमांसा मनमानी, आणि कलम 11(4) ची पारदर्शकता पाळलेली नाही. म्हणून सल्लापत्र (नियमाआधी मते मागवणारा ट्रायचा कागद) निघताच मुदतीत लेखी म्हणणे पाठवा, पोच जपून ठेवा. ‘परवडत नाही’ एवढ्याने भागत नाही. दर जोडणीमागे वसुली किती, एमएसओचा (तुम्हाला वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीचा) वाटा किती, देखभालीला काय लागते, हे आकडे द्या.