रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले तेव्हा आजोबा म्हणाले, 'रत्नागिरीत आम्ही त्यांना सिलोनवर ऐकायचो.' मुंबई जवळ असताना सिलोन कसं?

आजोबांचं बरोबर आहे: सयानींची गीतमाला, म्हणजे हिंदी चित्रपटगीतांचा क्रमवारीचा कार्यक्रम, १९५२ पासून रेडिओ सिलोनवरूनच (आजच्या श्रीलंकेतलं केंद्र) लागायची, विविध भारतीवर ती आली थेट १९८९ मध्ये. कारण धोरणाचं. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटसंगीताकडे पाठ फिरवली, आणि श्रोते बुधवारी रात्री आठला सिलोन लावू लागले. गंमत म्हणजे सयानी बोलायचे मुंबईतच. ध्वनिमुद्रित फिती कोलंबोला जायच्या आणि तिथून तो आवाज सुमारे १३०० किलोमीटर उलटा रत्नागिरीपर्यंत यायचा. ते जमायचं शॉर्टवेव्हमुळे. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून खाली परततात, त्यामुळे वाटेत सह्याद्री असो वा दर्या, फरक पडत नाही. दिवसा लहरी शोषणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो, म्हणून रात्री आवाज जास्त खुलायचा. शॉर्टवेव्हचा जुना छंद आहे, त्यावरून सांगतोय.

एक मात्र: 'समोर समुद्र होता म्हणून ऐकू यायचं' असंही काही जण सांगतात, ते इथे लागू नाही. खाऱ्या पाण्याचा खरा फायदा पृष्ठभागालगत धावणाऱ्या मीडियमवेव्हला. आणि आवाज रोज स्वच्छ यायचा असंही नाही. तो वरचा थर हलला की ऐन पहिल्या पायदानाच्या (पहिल्या क्रमांकाच्या गाण्याच्या) वेळी गाणं बुडायचं, मग आजोबांनाच विचारा, रेडिओ किती वेळा थोपटला!