थकण्याआधी बेंचवर ये

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुझे या हंगामातले गोल, सामने पाहायला आलेल्या, संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींची संख्या आणि तुझी अधीरता एवढेच डोळ्यांत भरले. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की व्यावसायिक आइस हॉकीत शिरावे कसे हे तू तीन ठिकाणी विचारले आहेस आणि तिथे टिकावे कसे हे एकदाही विचारलेले नाहीस. शिरण्याचा निर्णय बहुतांशी दुसरे लोक घेतात, टिकण्याचा मात्र बराचसा तुझ्या हातात राहतो. म्हणून पहिल्याबद्दल थोडक्यात लिहितो.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 32 संघ 7 फेऱ्यांत एकूण 224 खेळाडू निवडतात. पहिल्या फेरीत नाव पुकारले गेले तर संघ तुझ्यावर वेळ खर्च करील, शेवटच्या फेरीत पुकारले गेले तर तो वेळ तुला स्वतःच मिळवावा लागेल, आणि पुकारलेच गेले नाही तरी दार कायमचे बंद होत नाही. गोलरक्षक टिम थॉमस 1994 च्या ड्राफ्टमध्ये 217 वा होता. फिनलंड, स्वीडन आणि दुय्यम लीग अशी वर्षे काढून तो तिशी ओलांडल्यावर बॉस्टनच्या संघात स्थिरावला, आणि 2011 मध्ये त्याने स्टॅनले कप म्हणजे एनएचएलचे विजेतेपद जिंकले, शिवाय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मायथ पुरस्कारही मिळवला. हे उदाहरण धीर येण्यासाठी ठेव; त्यावर आयुष्याचा हिशेब मांडू नकोस, कारण त्याच वाटेने गेलेले आणि कुठेच न पोहोचलेले कितीतरी जण मी जवळून पाहिले आहेत.

आता टिकण्याविषयी. या खेळाचे खरे माप गोल नसून शिफ्ट आहे, म्हणजे बेंचवरून उतरून पुन्हा बेंचवर परतेपर्यंतचा बर्फावरचा एक फेरा. 60 मिनिटांच्या सामन्यात नवख्या फॉरवर्डच्या वाट्याला फार तर 8 ते 10 मिनिटे येतात, म्हणजे सुमारे 45 सेकंदांच्या बारा-तेरा शिफ्ट, आणि त्यातही पक (खेळाची रबरी चकती) तुझ्या स्टिकवर असण्याचे सेकंद अगदी मोजके. उरलेल्या वेळात तू काय करतोस, पक हातून गेल्यावर किती जोराने मागे वळतोस, बचावपटूला पास देण्यासाठी मोकळी वाट दिसेल अशा जागी उभा राहतोस का, हेच प्रशिक्षक पाहत असतो. लहान वयात तुझ्याकडे नेहमी पक असे, त्यामुळे पकाविना खेळण्याची सवय तुला लागलेलीच नाही. हा दोष तुझा एकट्याचा नाही, गोल करणाऱ्या प्रत्येक हुशार मुलाचा आहे.

त्यातही सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे वेळेत बेंचवर परतणे. तुला हे हास्यास्पद वाटेल, मलाही वाटत असे. पण तीन सत्रांपैकी दुसऱ्या सत्राचा विचार कर. संघांच्या बेंच जागच्या जागी राहतात आणि पहिल्या सत्रानंतर संघ बाजू बदलतात, त्यामुळे दुसऱ्या सत्रात आपला गोल, म्हणजे आपण राखायचे जाळे, आपल्या बेंचपासून लांब पडतो. आपल्या गोलसमोर अडकलेल्या पाच जणांना खेळ चालू असतानाच बदली होण्यासाठी जे अंतर पहिल्या सत्रात सहज कापता येते, ते आता पायांत गोळे आलेले असताना कापावे लागते. अशा वेळी हौसेने आणखी पंधरा सेकंद थांबलेला एक खेळाडू उरलेल्या चौघांनाही अडकवतो. मग घाबरून कोणीतरी पक सरळ समोरच्या गोलरेषेपलीकडे भिरकावतो, आयसिंग म्हणजे याच नियमभंगाची शिट्टी वाजते, आणि आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलण्याची मुभा नसल्याने तेच पाच दमलेले खेळाडू आपल्या गोलसमोर फेसऑफसाठी, म्हणजे पंचाने टाकलेला पक मिळवण्याच्या झुंजीसाठी, उभे राहतात, समोर मात्र ताज्या दमाचे पाच. यातून गोल झाला तर आकडेवारीत तो गोलरक्षकाच्या नावावर पडतो. बेंचमागे उभा असलेला प्रशिक्षक मात्र त्या पंधरा सेकंदांचा मालक कोण हे नेमके जाणतो. पुढच्या सामन्याच्या यादीत तुझे नाव का नाही हे अनेकदा अशाच एखाद्या शिफ्टमध्ये ठरलेले असते आणि तुला ते कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट भूमिकेची. व्यावसायिक संघातला प्रत्येक जण आपापल्या ज्युनिअर संघाचा तारा होता, पण तिघा-तिघांच्या पहिल्या दोन फळ्यांत जागा सहाच फॉरवर्डना असतात. गी कार्बनो याने 1979-80 च्या ज्युनिअर हंगामात 180 हून अधिक गुण मिळवले होते. माँट्रिऑलच्या संघाला मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या उत्तम फळीला रोखणारा, फेसऑफ जिंकणारा आणि आपला एक खेळाडू शिक्षा भोगत असताना गोल वाचवणारा सेंटर (मधला फॉरवर्ड) हवा होता. तो तसा झाला, सर्वोत्तम बचावात्मक फॉरवर्डची सेल्की ट्रॉफी त्याने तीनदा मिळवली, तीनदा स्टॅनले कप जिंकला आणि 2019 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. ज्या दिवशी प्रशिक्षक तुला चौथ्या फळीत उभे करील, त्या दिवशी ती पदावनती मानून रुसशील की ती एक रिकामी जागा आहे असे पाहशील, यावर पुढची पाच वर्षे अवलंबून असतील. फेसऑफचा सराव आजपासूनच सुरू कर. त्यासाठी प्रतिभा लागत नाही, मनगटे आणि चिकाटी लागते.

तिसरी गोष्ट कराराची, आणि इथे तुझ्या एजंटपेक्षा मी जरा रोखठोक बोलतो. पहिला करार तीन वर्षांचा मिळाला म्हणून तीन वर्षे एनएचएलमध्ये खेळायला मिळेल असे समजू नकोस. तो करार बहुधा दुहेरी असेल: वर खेळलास तर एक वेतन, एएचएल या खालच्या लीगमध्ये पाठवले तर दुसरे, आणि या दोहोंतले अंतर मोठे असते. 2025-26 च्या हंगामासाठी एनएचएलचे किमान वार्षिक वेतन 7,75,000 डॉलर ठरले होते, पण वेतन हंगामातल्या दिवसांवर मोजले जाते, त्यामुळे नऊ दिवस वर राहिलास तर नऊच दिवसांचे मिळते. मी खाली पाठवला गेलो तेव्हा पहिले दोन आठवडे सर्वांशी तुसडेपणाने वागलो, आणि तिथल्या प्रशिक्षकाने वर काय कळवले असेल हे समजायला मला बराच उशीर लागला. खाली पाठवलेल्या खेळाडूला कोणी विसरत नाही. उलट त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. (जाता जाता: स्केट धारदार करणाऱ्या आणि साहित्य सांभाळणाऱ्या माणसाशी कधीही भांडू नकोस. तुझ्या पात्याला किती खोल धार मानवते हे तुझ्याहून अधिक त्याच्या लक्षात राहते.)

आता ज्याबद्दल मला खरोखर काळजी वाटते ते लिहितो. डोक्याला मार लागला तर तो लपवू नकोस. मी लपवला होता. संघात जागा जाईल या भीतीने डॉक्टरांच्या प्रश्नांची घोकलेली उत्तरे दिली, आणखी दोन सामने खेळलो, आणि मग कित्येक आठवडे रिंकचे दिवेही सहन होत नव्हते; पुस्तकाचे एक पान वाचून पूर्ण करता येत नव्हते. जागा जायची ती गेलीच. सिडनी क्रॉस्बीला जानेवारी 2011 मध्ये डोक्याला मार लागला, तेव्हा तो जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक असूनही नोव्हेंबरपर्यंत मैदानाबाहेर राहिला, परतल्यावर पुन्हा त्रास सुरू झाला म्हणून पुन्हा थांबला, आणि 2016 व 2017 मध्ये लागोपाठ कप जिंकणाऱ्या पिट्सबर्गचे नेतृत्व त्याने केले. तुटलेले हाड घेऊन खेळलेल्या माणसांच्या कथा लॉकर रूममध्ये अभिमानाने सांगितल्या जातात, त्या तूही ऐकशील. मात्र हाडाचा आणि मेंदूचा हिशेब एकाच वहीत मांडायचा नसतो. तसेच गळ्याचे संरक्षक वापर, नियमाने सक्ती असो वा नसो. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधील एका सामन्यात स्केटच्या पात्याने गळा कापला जाऊन ॲडम जॉन्सनचा मृत्यू झाला. ते घालून गरम होते, हालचाल अडखळते, या तक्रारी मला ठाऊक आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. तरी घाल.

शिक्षणाबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून मीही थोडेच लिहितो. कॅनडातील मेजर ज्युनिअर या तरुण खेळाडूंच्या लीगमध्ये खेळल्यावर अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीचे दार पूर्वी बंद होत असे. ऑगस्ट 2025 पासून तो नियम बदलला आहे, तेव्हा वीस वर्षांचा होण्याआधी दोन्ही वाटा तुझ्यासमोर खुल्या असतील. बहुतेकांची कारकीर्द तिशीच्या आसपास संपते आणि त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे जगायचे असते. पहिल्या मोठ्या धनादेशातून गाडी घेण्याचा मोह मलाही झाला होता, आणि मी ती घेतलीही होती. तू निदान एक हंगाम थांब.

करार हाती आला की सही करण्यापूर्वी त्याची प्रत मला पाठव. आणि पुढच्या पत्रात गोल किती झाले ते लिहू नकोस, ते मला असेही कळतात. शेवटच्या तीन सामन्यांची चित्रफीत घेऊन बस, फक्त दुसरे सत्र पाहा, आणि तुझी प्रत्येक शिफ्ट घड्याळ लावून मोज. पन्नास सेकंदांच्या वर किती गेल्या तो आकडा मला कळव.

तुझा,
एक जुना बचावपटू