जुन्या लढाऊ विमानांचं काम करायचंय, मग शाखा कोणती?

प्रश्न : मुलगी यंदा बारावीला आहे. आम्ही विश्रांतवाडीत राहतो. लोहगावची सुखोई रोज डोक्यावरून जातात आणि तिला लढाऊ विमानांच्या आधुनिकीकरणातच काम करायचं आहे. एका खासगी विद्यापीठात मॅनेजमेंट कोट्यातून एरोस्पेसला प्रवेश मिळतोय, पण त्यासाठी मोठं कर्ज काढावं लागेल. मिग-२१ तर निवृत्तही झालं. जुनी विमानं अशी संपत चालली असतील, तर तिला पुढं काम मिळेल का?
– एक पालक, विश्रांतवाडी

उत्तर : कर्ज काढून एरोस्पेस घेऊ नका. सीईटीच्या गुणांवर बऱ्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन (ईएनटीसी) किंवा मेकॅनिकल मिळत असेल, तर तेच घ्या. कारण या कामाच्या स्वरूपातच आहे.

आधी तुमची शंका. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, ते १९६३ पासून सेवेत राहून. जग्वार १९७९ मध्ये आलं, अजून उडतंय. सुखोई-३० एमकेआय २००२ मध्ये लोहगावलाच दाखल झालं आणि त्याचं मोठं आधुनिकीकरण आता कुठं सुरू होतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या २४० एएल-३१एफपी इंजिनांचा करार एचएएलशी, म्हणजे विमानं बांधणाऱ्या सरकारी हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी, झाला. तुमची मुलगी निवृत्त होईपर्यंत काम पुरेल.

आता प्रत्यक्ष काम. आधुनिकीकरण म्हटलं की लोकांना नवा रडार दिसतो. रडार बसवणं हा शेवटचा भाग. आधी विमान उघडतात, पॅनल काढतात, रंग उतरवतात आणि रिव्हेटच्या भोकांभोवती एडी करंटनं (धातूत भोवऱ्यासारखा वीजप्रवाह निर्माण करून) भेगा शोधतात. भेग सापडली तर भोक रीमर या कापणाऱ्या हत्यारानं एक साइज मोठं करून भेग पूर्ण गेली का, ते पुन्हा तपासतात. मग त्याच मापाचा फास्टनर. भोक किती वेळा मोठं करता येईल याला मर्यादा असते, कारण कडेपर्यंतचं अंतर संपत जातं. हे करणारी मेकॅनिकलची आणि एनडीटीची (भाग न मोडता तपासणाऱ्यांची) माणसं.

खरी डोकेदुखी वायरिंगची. अनेक जुन्या लढाऊ विमानांत पॉलिइमाइडचं इन्सुलेशन असलेली वायर आहे. ओलाव्यात आणि वर्षानुवर्षांच्या कंपनात त्याला बारीक चिरा पडतात, तिथं आर्किंग होतं (ठिणग्या उडतात), जळालेला थर स्वतःच वीजवाहक बनतो आणि शेजारच्या वायरीही जातात. म्हणून नवा रडार जुन्या हार्नेसवर (वायरींच्या जुडग्यावर) लटकवता येत नाही. बरं, नवी हार्नेस टाकली तरी चुका त्याच : क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) सैल, कनेक्टरची पिन वाकलेली, शिल्डिंग (वायरीवरचं धातूचं आवरण) एका टोकाला अर्थ करायचं राहिलेलं. असा दोष जमिनीवर बऱ्याचदा सापडत नाही, हवेत कंपन सुरू झालं की येतो. मग त्या यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स वर्कशॉपमध्ये जातो, तिथं ठणठणीत निघतो, परत येतो. अशी फेरफटक्यांची गाडी महिनोन्महिने चालते.

नव्या एईएसए रडारला (अँटेना न फिरवता किरण वळवणाऱ्या) जास्त वीज लागते आणि त्याहून जास्त थंडावा. एसीची जुनी यंत्रणा तेवढी उष्णता बाहेर काढू शकेल का, ते आधी मोजावं लागतं. नाकातलं वजन बदललं की गुरुत्वमध्य सरकतो, त्याची भरपाई करावी लागते. आणि सगळे बॉक्स एकमेकांशी बोलतात ते बहुतेक एमआयएल-एसटीडी-१५५३बी या डेटा बसवरून : वेग १ मेगाबिट प्रतिसेकंद, जास्तीत जास्त ३१ रिमोट टर्मिनल, म्हणजे जोडलेली उपकरणं. तुमच्या मोबाइलच्या मानानं हा वेग हास्यास्पद आहे, पण तो चुकत नाही म्हणून टिकलाय. हे सगळं काम ईएनटीसीवाल्यांचं.

शेवटी प्रमाणपत्र. भारतात लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता सेमिलॅक ही डीआरडीओची (संरक्षण संशोधन संस्थेची) यंत्रणा पाहते. कागद नीट नसेल, तर चांगलं कामही उभं राहत नाही. कागदाचा कंटाळा असलेल्या मुलांनी इकडं येऊ नये.

एक उदाहरण तिला वाचायला सांगा. जग्वारला नवं इंजिन बसवायची योजना वर्षानुवर्षं चालली आणि २०१९ च्या सुमारास सोडून दिली गेली. खर्च आणि वेळ यांचा विमानाच्या उरलेल्या आयुष्याशी मेळ बसला नाही. याउलट डॅरिन-३ या जग्वारच्या इलेक्ट्रॉनिक आधुनिकीकरणातून त्याच विमानाला एईएसए रडार मिळाला. काय बदलायचं आणि काय सोडून द्यायचं, हा हिशेबही इंजिनिअरचाच असतो.

कामाची ठिकाणं. नाशिकजवळ ओझरला एचएएल आहे, सुखोई तिथंच बांधली जातात, ब्रह्मोसचं २.५ टन वजन पेलण्यासाठी सुखोईत केलेले बदलही तिथलेच. त्याच ओझरला हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. पुण्यात डीआरडीओची एआरडीई आणि एचईएमआरएल आहेत, पण त्यांचं मुख्य काम शस्त्रं आणि स्फोटकं, विमान नव्हे. रडार, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक्स) आणि उड्डाण चाचण्यांसाठी मात्र बंगळुरूची तयारी ठेवावी लागेल. घरातून जाऊन-येऊन नोकरी होईल, ही आशा आत्ताच सोडा.

वाटा तीन. डीआरडीओसाठी गेट ही इंजिनिअरिंगनंतरची परीक्षा, तिथं इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलच्या जागा एरोस्पेसपेक्षा बऱ्याच जास्त निघतात. एचएएलच्या प्रशिक्षणार्थी पदांसाठी त्यांची स्वतंत्र परीक्षा. तिसरी, गणवेशात जायचं असेल तर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून टेक्निकल शाखा : वयोमर्यादा २० ते २६, इंजिनिअरिंगला किमान ६० टक्के, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणितात प्रत्येकी ५०. म्हणजे बारावीचा निकाल तिथंही पाहिला जातो, तिला हे आत्ताच सांगा. शिवाय खडकवासल्याची एनडीए आता मुलींना खुली आहे.

नागरी उड्डाण नियंत्रक डीजीसीएच्या एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) कोर्सची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. ते लायसन्स नागरी विमानांचं. त्यावर लढाऊ विमानाचं काम मिळेल असं कुणी सांगितलं, तर तिथून उठून या.

कॉलेजात असताना तिनं क्रिम्पिंग-सोल्डरिंग हातानं शिकावं, वायरिंग डायग्रॅम वाचता यावा, सी भाषा पक्की असावी. मेकॅनिकल मिळालं तर एडी करंट आणि अल्ट्रासॉनिकचा लेव्हल-२ कोर्स. उन्हाळी इंटर्नशिप भोसरी-चाकणच्या एएस९१०० (विमान उद्योगाचं गुणवत्ता मानक) प्रमाणित कारखान्यात शोधावी. तिथं एखादा ब्रॅकेट पहिल्यांदा बनल्यावर त्याचं प्रत्येक माप ड्रॉइंगशी ताडून नोंदवतात; दोन महिने तेच काम मिळालं, तरी नाही म्हणू नये.

कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेज आधी बघा, शाखा नंतर. फक्त ईएनटीसी, इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल या तिघांच्या बाहेर जाऊ नका.