लेझरच्या शर्यतीत माझा स्टार्ट नेहमी मागे पडतो. नवीन शीड घेऊ का?

नाही, घेऊ नका. या कारणासाठी तर नकोच.

तुमचं उत्तर तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय त्यातच आहे. आठ महिने लेझर (एका माणसाची, एकाच शिडाची छोटी बोट) चालवताय, मुंबई बंदरात क्लबच्या रविवारच्या शर्यतींना उतरता. गेल्या रविवारी पौर्णिमा होती आणि स्टार्ट अडीचचा होता. एक मिनिट उरलं तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत होता, कमिटी बोटीपासून (रेषेच्या उजव्या टोकाची, शर्यत चालवणाऱ्यांची बोट) तिसरे, आणि तुमच्या खालच्या अंगाला (खाली म्हणजे वारा जातो ती बाजू, वर म्हणजे वारा येतो ती) दोन बोटी मावतील एवढी मोकळी जागा होती. एक जुने सभासद पोर्ट टॅकवर (वारा डावीकडून घेत) आले, त्या जागेत टॅक मारून (नाक वाऱ्यातून पलीकडे फिरवून) बसले आणि ओरडले, "वर हो, जागा दे, नवीन आहेस!" तुम्ही गडबडून जाइब करून (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवून) मागे फिरलात आणि वीस सेकंद उशिरा रेषा ओलांडलीत. किनाऱ्यावर आल्यावर कुणीतरी शिडाला हात लावून म्हणालं, "शीड मेलंय तुझं."

शीड मेलं असेलही. पण तुमचा स्टार्ट ज्या साठ सेकंदांत गेला, त्यांत तुमचं शीड नुसतं फडफडत होतं. नवं कोरं शीडही तितकंच फडफडलं असतं.

आधी त्या "नवीन आहेस"चं बघू, कारण हे वाक्य मला सहन होत नाही. रेसिंग रूल्समध्ये (सध्या २०२५ ते २०२८ची आवृत्ती लागू आहे) ज्येष्ठतेचा नियम नाही. ते गृहस्थ पोर्टवर आणि तुम्ही स्टारबोर्डवर (वारा उजवीकडून) होतात तोवर नियम १० प्रमाणे त्यांनी तुमच्यापासून दूर राहायचं होतं. टॅक मारताना बोटीचं नाक वाऱ्यापलीकडे गेल्यापासून क्लोज-हॉल्ड कोर्सवर (वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळच्या दिशेवर) येईपर्यंत, नियम १३ प्रमाणे, तरीही त्यांनीच. टॅक पूर्ण झालं की ते लीवर्ड (खालची) बोट झाले आणि नियम ११ प्रमाणे हक्क त्यांच्याकडे गेला. मात्र हक्क नव्याने मिळवला की समोरच्याला बाजूला व्हायला सुरुवातीला जागा द्यावी लागते, तो नियम १५. तुम्ही लगेच टिलर (सुकाणूचा दांडा) ढकलून वर व्हायला लागलात आणि तरीही धडक टळत नव्हती, तर चूक त्यांची. जागच्या जागी "प्रोटेस्ट" ओरडायचं. सहा मीटरपेक्षा लहान बोटीला लाल झेंडा लागत नाही. आणि धडक न होता तुम्हाला वर होता येत असेल, तर त्यांचं टॅक नियमात बसतं, मग ते ओरडोत किंवा न ओरडोत. ओरडण्याने हक्क मिळत नाही, तसा जातही नाही.

बहुतेक ते नियमात होते. तुमची चूक त्याच्या दहा सेकंद आधी झाली: ती मोकळी जागा तुम्ही राखली नाहीत.

ही जागा नेमकी कशासाठी लागते ते नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. थांबलेल्या लेझरला एकदम शीट (शीड आत ओढायचा दोर) ओढून पळवता येत नाही. वेग शून्य असताना डॅगरबोर्डवरून (बोटीखाली पाण्यात उतरवलेली फळी) पाणी वाहत नाही, म्हणजे तो बोटीला आडवी सरकण्यापासून रोखत नाही. शीट खसकन आत घेतली की बोट पुढे कमी आणि बाजूला जास्त जाते. म्हणून वेग धरताना आधी नाक दहा-पंधरा अंश खाली पाडावं लागतं. त्यासाठी बोट किंचित स्वतःकडे कलती करायची, टिलर जवळजवळ न हलवता. मग शीट दोन-तीन लांब हातांनी आत, आणि शेवटच्या हाताबरोबर बाहेर झुकून बोट सपाट. या सगळ्यात तुम्ही एक-दीड बोटीच्या लांबीएवढे खाली सरकता. खाली जागा नसेल तर हे करताच येत नाही. मग वरच्याचा खराब वारा आणि खालच्याची शिवी या दोन्हींत अडकून मागे पडता. तुमच्या बाबतीत दर रविवारी हेच होतंय असं मला तुमच्या वर्णनावरून दिसतं.

जागा राखायची ती अशी. पोर्टवरून येणारी बोट भोकं शोधत येते. ती चार-पाच बोटींच्या लांबीवर आली की शीट थोडी आत घेऊन तुमचं नाक खाली, थेट तिच्याकडे करा. तिला भोक बंद झालेलं दिसतं आणि ती पुढचं भोक बघते. ती गेली की पुन्हा वर या आणि शीट सोडा. दोन-तीन सेकंदांचं काम आहे, पण त्यासाठी मान सतत फिरती हवी. नवीन माणसं घड्याळाकडे आणि रेषेकडे बघत बसतात, खाली-मागे कुणी बघत नाही. मागून तुमच्या खाली शिरणाऱ्या बोटीसाठी हीच युक्ती. ती शिरलीच, तर सिग्नल होईपर्यंत तुम्हाला वाऱ्याच्या तोंडापर्यंत वर ढकलू शकते, कारण सिग्नलआधी 'प्रॉपर कोर्स' (शेजारी बोट नसती तर लवकर पोहोचायला धरली असती ती दिशा) असं काही नसतंच. दोन बोटींच्या अंतरात मागून येऊन शिरलेल्या बोटीला नियम १७ आवरतो, पण तो सिग्नलनंतर.

आणि शिरलंच कुणी, तर पळायचं नाही. लगेच वर व्हायचं, त्याच्यापेक्षा हळू, म्हणजे तो पुढे सरकतो आणि मधे पुन्हा फट तयार होते. तुमच्याकडे तेव्हा चाळीस-पंचेचाळीस सेकंद होते. खूप वेळ आहे तो.

एका जागी उभं राहणं ही वेगळी कला आहे. वाऱ्यापासून साधारण पन्नास-साठ अंशांवर, शीट पूर्ण सैल, शरीर पुढे, डॅगरबोर्ड पूर्ण खाली. व्हँग (बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, खाली ओढणारा दोर) सैल ठेवा. तो कसलेला असला तर बूम बाहेर गेली तरी शिडाची मागची कड घट्ट राहते, शीड चालूच राहतं आणि नाक खाली पाडायला गेलात की बोट ऐकत नाही. पन्नास अंशांपेक्षा जास्त वर राहिलात तर टिलरखालचं पाणी मरतं, बोट आयर्न्समध्ये जाते (नाक वाऱ्यात अडकून थांबते) आणि मागे चालायला लागते. शीड उलटं धरून मागे जाणाऱ्या बोटीला कुठलाच हक्क नसतो, हेही लक्षात असू द्या. टिलर वल्ह्यासारखा मारून पुढे जाणं नियम ४२ प्रमाणे बंद आहे. फक्त क्लोज-हॉल्डच्या वर, थांबलेल्या किंवा अगदी संथ बोटीचं नाक क्लोज-हॉल्डपर्यंत आणायला ते चालतं.

आता पौर्णिमेकडे येऊ. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, हे तुमच्या आजूबाजूचा कुठलाही कोळी सांगेल. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे अडीच वाजता ओहोटीचा मधला टप्पा, पाणी सर्वांत जोरात, शिवाय उधाण. बंदरातली ओहोटी साधारण दक्षिण-नैऋत्येकडे जाते. दुपारचा खारा वारा वायव्य-पश्चिमेचा धरला तर पाणी तुम्हाला डावीकडे, म्हणजे पिनकडे (रेषेच्या डाव्या टोकाची खूण) आणि किंचित मागे नेतं. एक नॉटचा प्रवाह एका मिनिटात तीस मीटर नेतो. लेझर ४.२३ मीटर लांब, म्हणजे सात बोटी! अर्धा नॉट असला तरी साडेतीन. सगळा ताफा एकत्र वाहत असल्यामुळे हे डोळ्यांना दिसत नाही, सगळे शेजारी जागेवरच असतात. दिसतं ते सिग्नलला, जेव्हा सगळी रांग रेषेपासून मागे असते. ओहोटीला रेषेवर जिथून सुटायचंय त्याच्या उजवीकडे आणि नेहमीपेक्षा एक बोट पुढे उभं राहायचं. पहिल्या मार्कलाही (ज्याला वळसा घालायचा ती खूण) तेच: स्टारबोर्ड टॅकवर पाणी तुम्हाला मार्कच्या खाली नेतं, म्हणून लेलाइनवर (जिथून टॅक मारून मार्क थेट गाठता येतो ती रेषा) आलो असं वाटलं की टॅक मारू नका, आणखी दोन-तीन बोटी पुढे जाऊन मारा.

रेषा कुठे आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. पाच मिनिटं असताना कमिटी बोटीच्या बाहेर जाऊन, झेंड्याची काठी आणि पिन एका सीधेत धरून त्यांच्या पलीकडे किनाऱ्यावर काय दिसतं ते बघा. एखादी इमारत, पाण्याची टाकी, प्राँग्जचा दीपस्तंभ, जे न हलणारं असेल ते. नांगरलेलं जहाज नको, ते पाण्याबरोबर फिरतं. कोळी मासळीच्या जागा दोन खुणा जुळवून शोधतात, तेच तंत्र आहे. ही खूण नसलेल्या बोटी रेषेच्या मधल्या भागात भीतीने दोन-तीन बोटी मागे उभ्या राहतात. खूण असलेल्याला तिथे मोकळं मैदान मिळतं.

रेषेचा कल बघायला मधोमध जाऊन शीड सोडून नाक वाऱ्यात धरा. ज्या टोकाकडे नाक झुकतं ते टोक पुढे. शंभर मीटर रेषेला पाच अंशांचा कल म्हणजे पावणेनऊ मीटर, दोन बोटी. दहा अंश म्हणजे चार बोटी. पण आठ महिन्यांच्या अनुभवावर टोकाला जाऊ नका, कल असला तरी. कमिटी बोटीपाशी वरून घुसणाऱ्याला स्टार्टच्या मार्कवर जागा मागता येत नाही, खालची बोट दार बंद करते आणि तिचं बरोबर असतं. पुढे असलेल्या टोकापासून एक तृतीयांशावर उभे राहा.

घड्याळ झेंड्यावर लावा, आवाजावर नाही. वेळ झेंड्याचीच धरली जाते, आणि दीडशे मीटरवर आवाज जवळजवळ अर्धा सेकंद उशिरा येतो.

सरावाला दोन वीस लिटरचे रिकामे कॅन, दोर आणि वजन पुरतं. दोर भरतीच्या हिशोबाने सोडा. मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहूनही जास्त चढतं, ओहोटीच्या मापाने दोर घेतला तर कॅन बुडेल किंवा वजन उचलून वाहून जाईल. एका कॅनच्या शेजारी एका बोटीच्या अंतरात साठ सेकंद उभं राहा. जमलं की नव्वद. मग थांबलेल्या बोटीपासून पूर्ण वेगाला किती सेकंद लागतात ते मोजा, वेगवेगळ्या वाऱ्यात, आणि डेकवर मार्करने लिहा. मध्यम वाऱ्यात सात-आठ, हलक्या वाऱ्यात बारा-पंधरा असा आकडा येईल, पण तुमचा आकडा तुमच्या वजनाचा आणि तुमच्या बोटीचा असतो. स्टार्टला शीट त्याच आकड्यावर आत घ्यायची, शेजाऱ्याने घेतली म्हणून नव्हे. एका संध्याकाळी चाळीस मिनिटांत वीस स्टार्ट होतात. रविवारच्या शर्यतींत तेवढे मिळायला आठवडेच्या आठवडे जातात.

म्हणूनच "स्टार्ट अनुभवाने येतो, पाच वर्षं थांब" हे क्लबांतलं आवडतं वाक्य मला चुकीचं वाटतं. रविवारी तिसरी शर्यत घेण्याऐवजी तो पाऊण तास नुसत्या स्टार्टना द्या, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलोय आणि उत्तर मिळतं की सभासदांना शर्यतच हवी असते. सभासद म्हणजे कोण? पहिल्या रांगेत ज्यांची जागा ठरलेली आहे ते. मागच्या रांगेतल्यांना कुणी विचारत नाही, आणि दोन हंगामांत ती मुलं यायची बंद होतात. मग सगळे विचारतात, नवीन लोक टिकत का नाहीत.

शिडाबद्दल थोडं. कापड चुरगाळून बघा, कडकपणा पूर्ण गेला असेल आणि वाऱ्यात मागची कड सतत थरथरत असेल तर ते संपलंय, पण क्लबच्या शर्यतींत त्याने वीस सेकंद जात नाहीत. त्याआधी बोटीत पाणी शिरतंय का बघा. डोलकाठी काढून मास्ट-स्टेपमध्ये (डोलकाठी बसते त्या भोकात) पाणी भरा, पातळीवर खूण करा, दहा मिनिटांनी बघा. उतरलं असेल तर गळती आहे, आणि तिथली जागा कमजोर झाली तर जोराच्या वाऱ्यात डेक फाटून डोलकाठी हातात येते. वाळू तिथे सगळ्यांत जास्त घात करते, दर वेळी धुवा. ५९ किलोच्या हलमध्ये (बोटीच्या सांगाड्यात) पाच लिटर पाणी असलं तर वेग धरतानाच ते जाणवतं.

हे सगळं लेझरपुरतं. ४२० किंवा एंटरप्राइझ या दोन माणसांच्या बोटींना जिब (पुढचं छोटं शीड) असतं, तिथे नाक धरणं वेगळं. खडकवासल्याला किंवा हुसेनसागरला असाल तर तिथी सोडून द्या. यू झेंडा असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात सापडलात की सुनावणीशिवाय बाद, काळा असेल तर पुन्हा स्टार्ट झाला तरी परत येता येत नाही. तेव्हा एक बोट पुढे उभं राहण्याचा माझा सल्ला या दोन झेंड्यांखाली पाळू नका. आणि सराव जहाजांच्या मार्गावर कधीही नको. चॅनलमध्ये शिडाच्या बोटीने मोठ्या जहाजाला अडवायचं नसतं, तिथे पोर्ट-स्टारबोर्ड चालत नाही.

येत्या रविवारी सप्तमी-अष्टमीच्या आसपासची तिथी येईल. भरती सव्वापाच-सहाची, म्हणजे अडीचला पाणी आत येत असेल, भांगाचं (लहान भरतीचं) असल्याने हळू. ते तुम्हाला उजवीकडे, कमिटी बोटीकडे, आणि थोडं रेषेच्या पुढे नेईल. सगळे तिथे गोळा होतील आणि एखादा जनरल रिकॉल होईल (सगळ्यांना परत बोलावून पुन्हा स्टार्ट). तुम्ही रेषेच्या मध्याच्या जरा डावीकडे, नेहमीपेक्षा एक बोट मागे उभे राहा. आणि खाली-मागे बघत राहा.