वाचनालयात रुजू होताना

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगलीतल्या वाचनालयात तू रुजू होत असल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. सावलीतली, बिनधोक नोकरी म्हणून घरचे निश्चिंत असतील; परंतु देवघेवीच्या टेबलामागे आयुष्य घालवल्यावर मला तसे म्हणवत नाही.

जुनी कपाटे उघडताना आधी खालची फळी पाहा. पूर्वी कसर आणि वाळवीसाठी पुस्तकांवर बीएचसी, म्हणजे लोक ज्याला गॅमेक्सिन म्हणत ती पावडर, सर्रास टाकली जाई. या कीटकनाशकावर १९९७ पासून बंदी आहे, पण बंदीने फळीवरची पूड नाहीशी होत नाही. तशी पूड दिसली तर कोरड्या फडक्याने झटकू नकोस आणि फुंकरही मारू नकोस. मास्क व हातमोजे घालून ओल्या कापडाने टिपून घे.

आता पुराविषयी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी मानतात. इशारा पातळी गाठण्याआधीच दाखलनोंदीच्या वह्या आणि दुर्मीळ ग्रंथ वरच्या मजल्यावर ने. 'इथवर पाणी येत नाही' असे सांगणारे जाणते लोक भेटतील, त्यांचे त्या दिवशी ऐकू नकोस. पाणी शिरल्यावर मात्र एकाही ग्रंथासाठी आत उतरायचे नाही, कारण त्या पाण्यात गटार असते, साप असतात आणि विजेचा प्रवाहही असू शकतो. पाणी ओसरल्यावरही वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय दार उघडू नकोस. भिजलेली पुस्तके फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसतात, की ओढून काढताना पाठ फाटते आणि कधी रॅकच अंगावर येते. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. चिकटलेली गुळगुळीत पाने सोडवायला जाऊ नकोस. पुस्तके सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभी ठेव. बुरशीच्या धुळीने माझी छाती धरली, ती आजतागायत पावसाळ्यात त्रास देते. त्या वेळी पुस्तके वाचवण्याच्या घाईत मला तोंडाला रुमाल बांधायचेही सुचले नव्हते.

हे सारे डोळ्यांना दिसते तरी. मी नवखा असताना एक वडील आले आणि मुलगी कोणती पुस्तके नेते, असे त्यांनी अगदी सौजन्याने विचारले. मी नोंदवही उघडून दाखवली. त्यात घटस्फोटाच्या कायद्यावरचे एक पुस्तक होते. ती मुलगी पुन्हा वाचनालयात आली नाही. तिचे कार्ड आणि अनामत कितीतरी वर्षे तशीच पडून होती. तिच्या घरी त्या संध्याकाळी काय घडले, ते मला कधीच कळले नाही, आणि ती वही मी उघडली होती हे मात्र विसरता आलेले नाही.

म्हणून नोंदवही टेबलावर उघडी ठेवू नकोस, संगणकाचा पडदा रांगेकडे वळवू नकोस, आणि आई-वडील, नवरा, शिक्षक, कोणीही विचारले तरी 'सभासदाची नोंद आम्ही दुसऱ्याला दाखवत नाही' हे एकच वाक्य नम्रपणे सांग. ते रागावले, तर कार्यवाहांचे नाव सांगून त्यांच्याकडे पाठव, आणि ते जाईपर्यंत वहीवरचा हात काढू नकोस.

तुझा,
जुना ग्रंथपाल