विल्कोचा 'किकिंग टेलिव्हिजन': तीच गाणी पुन्हा का ऐकायची?

'किकिंग टेलिव्हिजन' हा विल्को या अमेरिकन रॉक बँडचा लाइव्ह अल्बम. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट' आणि 'अ घोस्ट इज बॉर्न' हे त्यांचे स्टुडिओ अल्बम जवळजवळ पाठ आहेत, मग तीच गाणी टाळ्या-शिट्ट्यांसकट परत कशाला ऐकायची?

बहुतेक लाइव्ह अल्बमांबद्दल मीही म्हणेन, सोडून द्या. लय थोडी वाढलेली, गायकाला दम लागलेला आणि दोन गाण्यांच्या मध्ये शहराचं नाव घेऊन मिळवलेल्या टाळ्या, यापलीकडे फारसं हाती लागत नाही. इथे मात्र गाणी जुनी असली तरी ती वाजवणारा बँड नवा आहे.

'घोस्ट'चं रेकॉर्डिंग झाल्यावर बँडमधला लिरॉय बाख बाहेर पडला. २००४ मध्ये गिटारवर नेल्स क्लाइन आला आणि कीबोर्ड, गिटार, पडेल ते वाजवायला पॅट सॅन्सोन. क्लाइन मूळचा जॅझ आणि मुक्त इम्प्रोव्हायझेशनच्या, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याच्या, वर्तुळातला. तुम्हाला पाठ असलेल्या 'घोस्ट'वरची लीड गिटार बरीचशी बँडचा गायक जेफ ट्वीडीची स्वतःची आहे: खरखरीत, अडखळणारी, मुद्दाम बोचणारी. क्लाइनला घेऊन केलेला पहिला स्टुडिओ अल्बम 'स्काय ब्लू स्काय' आला २००७ मध्ये. म्हणजे 'किकिंग टेलिव्हिजन'वरच्या गाण्यांना क्लाइनचा हात लागला तो थेट स्टेजवर. मे २००५ मध्ये शिकागोच्या व्हिक थिएटरात सलग चार रात्री हे रेकॉर्ड झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोनसच या रेकॉर्ड कंपनीनं दोन सीडींवर २३ ट्रॅक काढले.

फरक कानावर यायला हवा असेल तर आधी 'मझल ऑफ बीज' लावा. सुरुवातीला बोटांनी छेडलेली गिटार, ट्वीडीचा तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखा आवाज, ड्रम्स जेमतेम. गाणं उगाच घाई करत नाही. शब्द संपतात, दोन गिटारी हळूहळू अंगावर येतात आणि शेवटी क्लाइन जे वाजवतो ते ऐकून स्टुडिओतली आवृत्ती कच्चा आराखडा वाटायला लागते. 'ॲशेस ऑफ अमेरिकन फ्लॅग्ज'चंही तसंच. स्टुडिओत गाणं आवाजांच्या ढिगाऱ्यात विरून जातं, इथे गिटार त्या ढिगाऱ्यातून वर चढत राहते. 'हँडशेक ड्रग्ज'मध्ये गोंगाट गाण्याला चिकटवलेला वाटत नाही, त्याच्याच पोटातून फुटतो.

ड्रमर ग्लेन कोचेकडेही लक्ष द्या. तो 'यांकी'वर होताच, पण तिथे त्याचे ड्रम्स कापून, उलटसुलट करून बसवलेले. 'आय ॲम ट्राइंग टू ब्रेक युअर हार्ट'चा तो विस्कटलेला ठेका माणूस हातांनी समोर वाजवू शकतो, हे इथे कळतं.

सुरुवात 'मिसअंडरस्टूड'नं आहे, त्यांच्या १९९६ च्या 'बीइंग देअर' अल्बममधलं. शेवटाकडे ट्वीडी 'नथिंग' हा एकच शब्द ओरडत सुटतो आणि दर वेळी सगळा बँड त्याच्याबरोबर एकच ठोका देतो. पुन्हा, पुन्हा, अजून एकदा. आधी मजा वाटते, मग कंटाळा येऊ लागतो, मग तो कंटाळाच चढत जातो. एकाच आघातावर एवढा वेळ टिकायला सहाही जणांचा एकमेकांवर विश्वास लागतो.

सगळंच उजवं आहे असं नाही. 'हेवी मेटल ड्रमर' आणि 'द लेट ग्रेट्स' इथे जशीच्या तशी आहेत, वगळली तरी चालतील. 'रेडिओ क्युअर'चं तर माझ्या मते नुकसान झालंय. त्या गाण्याचं सगळं बळ त्याच्या तुटकेपणात होतं आणि इथे ते फार नीटनेटकं झालं.

हे एकाच रात्रीचं रेकॉर्डिंग नाही म्हणून नाक मुरडणारे असतात. मला ती तक्रार पटत नाही. एकाच थिएटरात लागोपाठच्या रात्री रेकॉर्ड केलं की खोलीचा नाद तोच राहतो, माइकही साधारण तिथेच असतात, त्यामुळे वेगवेगळ्या रात्रींचे तुकडे जोडले तरी सांधा कळत नाही. शिवाय हे त्यांचं स्वतःचं शहर. प्रेक्षकांना गाणी माहीत आहेत आणि कुठे गप्प बसायचं तेही.

ऐकताना दोन्ही सीडी एका दमात संपवू नका. मी म्हणेन, दुसरीपासूनच सुरू करा. त्यात 'वन बाय वन' आणि 'एअरलाइन टू हेवन' ही जुना अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीच्या शब्दांवरची दोन गाणी लागोपाठ येतात, तिथे जरा श्वास घेता येतो. पुढे 'पुअर प्लेसेस' आणि त्याच्या पाठोपाठ 'स्पायडर्स'. दहा मिनिटांच्या वर एकच यांत्रिक लय, आणि मधूनच येणारा तो जाडजूड रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा. स्टुडिओत तो रिफ अचानक अंगावर येतो. इथे लोक त्याची वाटच बघत असतात, त्यामुळे त्याच्या आधीची मिनिटं जास्त ताणलेली वाटतात. हे मात्र हेडफोनवर नको, स्पीकरवर, शेजाऱ्यांना सोसेल तेवढ्या मोठ्यानं.

याच्यासोबत डीव्हीडीही यायची होती, ती काढलीच नाही. ही मंडळी वाजवताना बघायची असतील तर 'ॲशेस ऑफ अमेरिकन फ्लॅग्ज' याच नावाचा २००९ चा कॉन्सर्टपट शोधा. त्यात हेच सहा जण आहेत, वेगवेगळ्या शहरांतल्या स्टेजवर, आणि क्लाइनच्या पायाशी पसरलेल्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडल्सही दिसतात.