वीरगळ बघायला निघालायस ना, मग हे वाच

भाऊ, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तो बघायचा उत्साह चांगलाय, पण आधी चुना, खडू, तारेचा ब्रश घरीच ठेव. अक्षरं नीट दिसावीत म्हणून लोक दगडावर पांढरं फासायलेत, अन् झीज वाढते ती वेगळीच. सकाळी सातला किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उजेडात कोरीव काम आपोआप उठून दिसतं. खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्र-सूर्य, असं बऱ्याच वीरगळांवर असतं. शेंदूर फासला असंल तर खरवडू नको, गावाचा तो देव आहे. मी एकदा नुसतं नख लावलं तर एका आजीनं असं झापलं की बास, अन् मग तिनंच चहा पाजला!

रणभूमी बघायची तर पहिल्यांदा असईला जा, भोकरदन तालुक्यात. २३ सप्टेंबर १८०३ला इथं इंग्रज अन् मराठ्यांची लढाई झाली. केळणा नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, म्हणजे इथं नदी पायी ओलांडता येईल असा उथळ उतार असणारच, असा इंग्रज सेनापती वेलस्लीनं अंदाज बांधला अन् तिथूनच फौज पार केली. हे काठावर उभं राहूनच कळतं, नकाशात नाही. नंतर मराठे-निजाम लढायांची राक्षसभुवन (१७६३) अन् उदगीर (१७६०) ही ठिकाणं कर.

शेतात पाय टाकायच्या आधी मालकाला विचार, मेटल डिटेक्टर तर नकोच. जमिनीतून काही निघालंच तर खिशात घालू नको, तहसीलला कळव. प्रत्येक वीरगळाचा मोजपट्टीसह फोटो, लोकेशन अन् तारीख वहीत लिही, रस्त्याच्या कामात दगड हलला तर तेवढाच पुरावा राहतो.